भोकर ते घारापुरी : दुसऱ्या गोळ्याची गोष्ट

मराठवाड्यात तोफ पाहायला लांब जावं लागत नाही. औसा, उदगीर, परंडा, दौलताबाद, कुठल्याही किल्ल्याच्या बुरुजावर चढा, एखादी तरी तोफ भेटतेच. लोक नळीवरून हात फिरवतात, मुलं तिच्यावर बसून फोटो काढतात आणि मग ठरलेले प्रश्न येतात. लांबी किती? वजन किती? गोळा कुठवर जायचा? पहिला गोळा सुटल्यावर दुसरा सुटायला किती वेळ लागायचा, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. गेल्या दीडशे वर्षांत जमिनीवरची आणि समुद्रावरची लढाई बदलली ती याच प्रश्नापायी. त्याचं उत्तर शोधत मी भोकरहून निघालो आणि उदगीर, दौलताबाद, देवळाली करत मुंबईच्या बंदरापर्यंत गेलो.

अशा प्रवासाला भोकर सोयीचं गाव आहे. कल्याणहून निघून अहिल्यानगर, परभणी, नांदेड करत तेलंगणातल्या निर्मलकडे जाणारा ६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथून जातो. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावर गावाचं स्टेशन आहे आणि नंदीग्राम एक्सप्रेस धरली की गाडी न बदलता नाशिक रोड आणि मुंबई गाठता येते. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, रेमंड नावाच्या फ्रेंच सेनानीनं १७८६ मध्ये तोफा ओतण्याचा कारखाना काढला. शहराचा तो भाग आजही गनफाउंड्री म्हणूनच ओळखला जातो. तोफेचा इतिहास आपल्याकडे असा पायाखाली पसरलेला आहे.

आधी दक्षिणेकडे वळलो. नांदेड, कंधार, जळकोट करत उदगीर गाठलं. उदगीरचा भुईकोट खंदकानं वेढलेला आहे आणि आत उदयगिरी महाराजांची समाधी आहे, त्यामुळे किल्ल्यात भाविकांचीही ये-जा असते. इतिहासात हे नाव ठळक झालं ते ३ फेब्रुवारी १७६० च्या लढाईमुळे. निजाम सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली यांची फौज उदगीर–औसा टापूत होती. सदाशिवरावभाऊंनी तिला घेरलं. निजामाची फौज तोफा बाहेरच्या अंगाला ठेवून, एकमेकांना धरून चालत होती. नुसत्या घोडदळाला अशी रचना फोडणं अवघड होतं. मराठ्यांच्या बाजूनं या वेळी इब्राहिमखान गारदी होता. फ्रेंच सेनापती बुसीच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस कवायती पायदळ आणि तोफखाना घेऊन आला होता. मराठ्यांचा विजय झाला. तहात दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर ही ठाणी आणि ६० लाखांचा मुलूख मिळाला.

गारद्याच्या तोफा आतून मागच्या पिढ्यांच्या तोफांसारख्याच होत्या. तोंडातून दारू भरायची, गोळा ठासायचा, कानाशी बत्ती लावायची. फरक होता तो माणसांच्या हातांत. प्रत्येकाचं काम ठरलेलं, त्याचा क्रम ठरलेला आणि रोजचा सराव. असा सराव असला तर हलक्या मैदानी तोफेतून मिनिटाला दोन-तीन गोळे निघू शकत. यंत्राचा वेग यायच्या आधी तोफेला वेग मिळाला तो कवायतीतून, आणि आपल्या मुलखात त्याचा मोठा दाखला उदगीरच्या परिसरात घडला.

परत येऊन नंदीग्राम धरली. परभणी गेल्यावर परतूर येतं. उदगीरच्या विजयानंतर महिन्या-दीड महिन्यात, मार्च १७६० मध्ये, भाऊंची फौज उत्तरेकडे निघाली ती इथूनच. बखरींतलं पटदूर ते हेच. इब्राहिमखानाचा तोफखाना सोबत होता. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर गारद्यांनी रोहिल्यांची मोठी हानी केली. पण मराठ्यांच्या जड तोफा जागच्या जागी खिळून राहिल्या आणि अब्दालीच्या उंटांवरच्या जंबुरका हव्या तिथे फिरत राहिल्या. इब्राहिमखान शत्रूच्या हाती लागला आणि मारला गेला. परतूरचा फलाट मागे पडताना हे सारं डोळ्यांपुढे येत होतं. जड तोफ म्हणजे जोरदार तोफ, ही समजूत त्या दिवशी किती महाग पडली!

छत्रपती संभाजीनगरला उतरून सकाळी दौलताबाद गाठलं. चिनी महालाच्या पुढे, गोल बुरुजावर मेंढा तोफ आहे. मागच्या टोकाला वळलेल्या शिंगांचं मेंढ्याचं डोकं आहे आणि पाठीवर फारसी अक्षरं कोरलेली आहेत. 'किल्ला शिकन' हे तिचं दुसरं नाव. ओतकाम इतकं रेखीव आहे की धातूवरची नक्षी आजही बोटाला लागते. बुरुजाच्या मध्यावर ती खुंटावर बसवलेली आहे, म्हणजे तोंड फिरवून वेगवेगळ्या दिशांना नेम धरता यावा.

मी तिच्या तोंडाशी उभा राहून एका गोळ्यामागची कामं मोजत गेलो. आधीच्या दारूची जळती ठिणगी आत राहिली असेल तर नवी दारू भरतानाच पेट घेईल, म्हणून ओल्या कुंच्यानं नळी पुसायची. मग दारू आत ढकलायची, डाट बसवायचा, गोळा ठासायचा. कानात बारीक दारू भरायची, नेम धरायचा, बत्ती द्यायची. बार झाला की धक्क्यानं तोफ हलते, नेम मोडतो आणि काळ्या दारूचा धूर समोरचं सगळं झाकून टाकतो. धूर विरेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं करायचं. यात सगळी माणसं तोफेच्या तोंडाशी, शत्रूच्या नजरेसमोर उभी असतात.

या परंपरेची कमाल म्हणजे मलिक-ए-मैदान. मुहम्मद बिन हुसेन रूमी या कारागिरानं ती १५४९ मध्ये निजामशाहीसाठी अहमदनगरला ओतली. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात होती आणि तिथून १६३२ च्या सुमारास विजापूरला गेली. वजन सुमारे ५५ टन, तोंडाचा आतला व्यास सुमारे ७० सेंटिमीटर. तिचा धाक मोठा होता, यात शंका नाही. पण अशा तोफेतून तासाभरात मोजकेच गोळे निघणार. तोवर समोरचा घोडेस्वार कुठल्या कुठे पोचलेला असतो.

दौलताबादहून पुढची गाडी धरून मनमाडमार्गे नाशिक रोडला पोचलो आणि तिथून देवळालीला. ब्रिटिश काळापासून ही छावणी आहे. १९२३ मध्ये काकुल इथे सुरू झालेलं तोफखान्याचं विद्यालय दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे आलं. फाळणीनंतर काकुल पाकिस्तानात गेलं आणि देवळाली भारतीय तोफखान्याचं शिक्षणकेंद्र बनलं. दरवर्षी इथल्या मैदानावर 'तोपची' हा सराव होतो. भारतीय तोफखान्याचं मूळही आपल्याच इलाख्यात आहे. २८ सप्टेंबर १८२७ ला मुंबई फौजेच्या गोलंदाज पलटणीत जी तुकडी उभी राहिली, तीच आजची ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी. म्हणून २८ सप्टेंबर हा तोफखान्याचा दिवस असतो.

देवळालीच्या वाटेवर एका आवाराबाहेर चौथऱ्यावर जुनी २५ पाउंडर उभी आहे. बाजूच्या टपरीवर चहा घेताना एक निवृत्त हवालदार भेटले. उमेदीची वर्षं त्यांनी तोफखान्यात काढली होती. मी नळी किती लांब म्हणून विचारलं तर त्यांनी मला हाताला धरून तोफेच्या मागच्या बाजूला नेलं.

"सर, लोक पुढून बघतात. तोफ मागून बघायची. आमचं सगळं काम इथं."

त्यांनी एकेक भाग दाखवला. मागचं दार म्हणजे पोलादाचा चौकोनी ठोकळा. खटका ओढला की तो खाली सरकतो आणि नळी मागून उघडी पडते. आधी गोळा आत जातो, तो ठासला की मागून पितळी टोपण, म्हणजे काडतुसाचा डबा. त्या टोपणात दारूच्या कापडी पिशव्या असतात, लाल, पांढरी आणि निळी. जवळ मारायचं तर फक्त लाल, लांब मारायचं तर तिन्ही. नळीखाली धक्का झेलणारी यंत्रणा आणि सगळ्याच्या खाली लोखंडी गोल चकती. चाकं या चकतीवर चढवली की अख्खी तोफ एका माणसाला गरकन फिरवता येते.

"बार झाला की फक्त नळी मागं येते आणि परत जागेवर जाते," हवालदार सांगत होते. "गाडा जागचा हलत नाही, नेम तसाच राहतो. टोपण बाहेर पडलं की पुढचा गोळा तयारच असतो. सहा माणसं आणि सहा जणांचं एक अंग."

२५ पाउंडरची नळी ८७.६ मिलिमीटरची, मारा सव्वाबारा किलोमीटर, आणि चांगली तुकडी मिनिटाला सहा ते आठ गोळे टाकी. १९४७ पासून १९७१ पर्यंतच्या युद्धांत भारतीय तोफखान्यानं हीच तोफ वापरली.

हवालदारांनी बोट ठेवून दाखवलेल्या गोष्टींतच जलद मारा करणाऱ्या तोफेचं मर्म आहे. पहिली गोष्ट मागून उघडणारं झटपट दार. दुसरी पितळी टोपण. बार होताना ते फुगून नळीला घट्ट चिकटतं आणि मागून वायू निसटू देत नाही. जळके अवशेषही त्याच्याबरोबर बाहेर पडतात, त्यामुळे दरवेळी कुंचा फिरवायला नको. तिसरी धक्का गिळणारी यंत्रणा. नळी मागे येताना तेल बारीक छिद्रातून दाबलं जातं आणि जोर शोषून घेतं. पुढे ढकलण्याचं काम स्प्रिंग किंवा दाबलेली हवा करते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबून दट्ट्या आत ढकलला की तो जसा उसळून परत येतो, तसंच. यात चौथी भर पडली बिनधुराच्या दारूची. फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी ती १८८४ मध्ये तयार केली. धूरच नाही म्हटल्यावर नेम धरणाऱ्याला थांबायचं कारण उरलं नाही.

जमिनीवर या चारही गोष्टी पहिल्यांदा चोख एकत्र आल्या त्या १८९७ च्या फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफेत. गाडा जमिनीला रुतून स्थिर राहायचा आणि नळी मीटरभराहून जास्त मागे सरकून परत यायची. मिनिटाला १५ गोळे आणि गरज पडली तर त्याहून जास्त. गाडा उसळत नसल्यानं तोफेवर पोलादी ढाल बसवता आली आणि माणसं तिच्या आडोशाला राहून काम करू लागली. जर्मन, ब्रिटिश, रशियन, सगळ्यांच्या जुन्या तोफा एका रात्रीत मागास ठरल्या. ब्रिटिशांनी बोअर युद्धात मार खाल्ल्यावर जर्मनीच्या एरहार्टकडून घाईनं १०८ जलद तोफा घेतल्या आणि १९०४ मध्ये स्वतःची १८ पाउंडर आणली.

भारतीयांच्या वाट्याला हा वेग उशिरा आला. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिशांनी हिंदी सैनिकांच्या हाती डोंगरी तोफांपलीकडे तोफ दिली नाही. २५ एप्रिल १९१५ ला गॅलिपोलीच्या अँझॅक किनाऱ्यावर दोन हिंदी माउंटन बॅटऱ्या उतरल्या. त्यांच्या १० पाउंडर तोफा सुट्या करून खेचरांवर लादता येत. पण त्यांना धक्का झेलणारी यंत्रणा नव्हती, दर बाराला तोफ मागे उसळायची आणि ओढून पुन्हा जागेवर आणावी लागायची. तरी या गोलंदाजांनी त्या कड्यांवर नाव कमावलं. मैदानी तोफखान्याची पहिली हिंदी तुकडी उभी राहिली ती थेट १५ जानेवारी १९३५ ला, बंगळूरला.

देवळालीहून मुंबई. गेटवेवरून घारापुरीची लाँच घेतली. जमिनीवर जे पाहिलं, त्याची सुरुवात खरं तर पाण्यावर झाली होती. १८६६ मध्ये रॉबर्ट व्हाइटहेड यांनी स्वतः पुढे धावणारा टॉर्पेडो बनवला. काही वर्षांत छोट्या, वेगवान टॉर्पेडो बोटी निघाल्या. दहा-पंधरा माणसांची बोट अंधारात जवळ येऊन हजारो टनांची युद्धनौका बुडवू शकते, हे ध्यानात आल्यावर आरमारांची झोप उडाली. जहाजावरच्या अजस्र तोफेला दुसरा गोळा भरायला काही मिनिटं लागत, आणि तेवढ्यात बोट टॉर्पेडो सोडून पसार होई. म्हणून ब्रिटिश आरमारानं १८८१ मध्ये मिनिटाला निदान १२ गोळे टाकणारी हलकी तोफ हवी, अशी मागणी जाहीर केली. हॉचकिस आणि नॉर्डेनफेल्ट यांच्या ३ आणि ६ पाउंडर तोफा त्यातूनच आल्या.

मग आर्मस्ट्राँगच्या कारखान्यानं मोठी उडी घेतली. १८८७ च्या चाचणीत त्यांच्या ४.७ इंची जलद तोफेनं १० गोळे साडेसत्तेचाळीस सेकंदांत टाकले. जवळपास तेवढ्याच आकाराच्या, पिशवीत दारू भरून चालणाऱ्या ५ इंची तोफेला तेच १० गोळे टाकायला ५ मिनिटं ७ सेकंद लागत. याचा अर्थ काय, ते १७ सप्टेंबर १८९४ ला यालू नदीच्या मुखाशी जगानं पाहिलं. चिनी ताफ्यात डिंगयुआन आणि झेनयुआन या १२ इंची तोफांच्या चिलखती नौका होत्या. जपानकडे योशिनोसारख्या चपळ नौका होत्या, ६ आणि ४.७ इंची जलद तोफांनी सज्ज. चीनची पाच जहाजं गेली, जपानचं एकही बुडालं नाही. त्या दोन जड नौका चिलखताच्या जोरावर तरल्या, पण लढाई हातची गेली होती. पुढे १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लेडीस्मिथला वेढा पडला, तेव्हा आरमाराच्या ४.७ इंची तोफाच घाईनं गाड्यांवर चढवून जमिनीवर आणल्या गेल्या.

तासाभरात लाँच घारापुरीला लागली. बहुतेक जण लेण्यांकडे वळतात. दुसरी वाट तोफेच्या टेकडीवर जाते. वर २० व्या शतकाच्या सुरुवातीच्या दोन मोठ्या किनारी तोफा बंदराकडे तोंड करून उभ्या आहेत. गोल खड्ड्यात पोलादी बैठक, तिच्यावर लांबलचक नळी. खाली दगडी भुयारात खोल्या आहेत. मेंढा तोफ पाहून आल्यावर इथे लगेच जाणवतं की ही जात वेगळी आहे. हिचं सगळं काम मागे आणि खाली चालायचं, पुढच्या तोंडाशी माणूस उभा राहायचं कारणच नाही. किनारी संरक्षणाची तेव्हाची रीत अशी होती की युद्धनौकांसाठी अशा मोठ्या तोफा ठेवायच्या आणि टॉर्पेडो बोटींसाठी मुखाशी लहान जलद तोफा. एका बंदराला दोन्ही लागत.

परतीच्या लाँचमधून नौदलाच्या राखाडी जहाजांची रांग दिसते. यातली अनेक इथेच, माझगाव गोदीत बांधलेली. कोलकाता वर्गाच्या विनाशिकांवर पुढच्या डेकवर ७६ मिलिमीटरची तोफ असते, मिनिटाला १२० गोळे टाकणारी. भरायचं काम पूर्णपणे यंत्राचं. बाजूला एके-६३० ही सहा नळ्यांची ३० मिलिमीटर तोफ असते, ती मिनिटाला सुमारे ५,००० गोळ्या झाडते, चालून येणाऱ्या क्षेपणास्त्रावर शेवटचा मारा करण्यासाठी. टॉर्पेडो बोटीची जागा क्षेपणास्त्रानं घेतली, पण शत्रू पोचायच्या आत किती गोळे सुटतील, हा हिशोब तोच राहिला. जमिनीवरही तेच. कारगिलमध्ये गाजलेली १५५ मिलिमीटरची बोफोर्स सुमारे १३ सेकंदांत तीन गोळे टाकते. ९ नोव्हेंबर २०१८ ला देवळालीत सैन्यात दाखल झालेली के-९ वज्र तीन मिनिटांत १५ गोळे टाकू शकते.

या वेगाची एक किंमत आहे आणि ती तोफेपाशी उभं राहून दिसत नाही. जलद तोफ गोळे खाते. १९१५ च्या मे महिन्यात ब्रिटनमध्ये तोफगोळ्यांच्या टंचाईवरून एवढं वादळ उठलं की दारूगोळ्याचं स्वतंत्र मंत्रालय काढावं लागलं. १९१६ मध्ये सॉमच्या हल्ल्याआधी आठवडाभरात १५ लाखांहून जास्त गोळे डागले गेले. पहिल्या महायुद्धात एकट्या १८ पाउंडरनं जवळपास १० कोटी गोळे टाकले. तोफ हळू होती तोवर लढाईचा निकाल बुरुजावर लागे. ती जलद झाली आणि निकालाचं अर्धं वजन कारखान्यांवर जाऊन पडलं.

ते वजन महाराष्ट्र पेलत आला आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला १९६२ मध्ये स्थापन झालेला चांदा आयुध कारखाना तोफगोळे भरतो. भोकरहून किनवट, आदिलाबाद, वणी, माजरीकडे जाणारा लोहमार्ग त्याच बाजूला जातो. म्हणजे आपल्या गावाच्या एका दिशेला तोफा चालवायला शिकवतात आणि दुसऱ्या दिशेला त्यांचे गोळे भरतात. हे काम धोक्याचं आहे. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध कारखान्यातल्या स्फोटात किमान आठ कामगार गेले. जलद माऱ्याचं कौतुक करताना या माणसांची आठवण ठेवायलाच हवी, कारण मिनिटाला पंधरा गोळे टाकणाऱ्या तोफेमागे ते पंधरा गोळे जिवावर उदार होऊन भरणारे हात असतात.

मराठवाड्यातल्या शाळांनी सहलीला हा रस्ता जरूर धरावा. औसा–उदगीर एका दिवसात होतं, दौलताबादला एक दिवस पुरतो आणि मुंबईला गेलेल्या मुलांना घारापुरीची टेकडी चढवावी, लेण्यांनंतर तासभरच लागतो. आणि आपल्या किल्ल्यांवरच्या तोफांजवळ लांबी आणि वजन सांगणाऱ्या दोन ओळींच्या जोडीला आणखी चार ओळी लिहिल्या जाव्यात: ही तोफ कशी भरत, किती माणसं लागत, दर गोळ्यामागे नेम पुन्हा का धरावा लागे आणि दुसरा गोळा सुटायला एवढा वेळ का जाई. औशाच्या बुरुजावर उभ्या राहिलेल्या मुलाला एवढं कळलं, की गारद्याची कवायत, फ्रेंच ७५, यालूची लढाई आणि माझगावात बांधलेली विनाशिका या एकाच प्रश्नाच्या चार उत्तरांसारख्या त्याला आपोआप दिसू लागतील. पुरातत्त्व खात्याला खर्चही मोठा नाही आणि माहिती सांगणारे निवृत्त तोपची गावोगाव आहेत. त्यांना विचारायला हवं, आणि ते हयात आहेत तोवर विचारायला हवं.